न झिजणाऱ्या कपड्यांची तक्रार

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मुक्काम मुरूम, ता. उमरगा, जि. धाराशिव

चिरंजीव नंदीश यास,

सोमलिंग दाजीचे शरणार्थ आणि आशीर्वाद. (तू माझा धाकटा मेव्हणा, तेव्हा नुसते आशीर्वाद पुरले असते. पण तू इंजिनिअर झाल्यापासून मी नमस्कार-आशीर्वाद दोन्ही लिहितो. त्यातलं लागेल ते ठेवून घ्यावं.) इकडं आम्ही सगळे बरे आहोत. तुझी पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची पाठ दुखते आणि आमच्या आडतीत दिवसभर पोती उचलणाऱ्या हमालांची दुखत नाही, याचा तुमच्या पुण्यात कुणीतरी विचार करायला पाहिजे. एरंडेल लावून शेक घेत जा.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आजकाल कागदावर लिहून काही आलं की माणूस आधी खुर्ची शोधतो. पण तुला व्हॉट्सअपवर काहीही कळवलं तरी तू उलट नुसता अंगठा पाठवतोस. आमच्या आडतीत अंगठा उमटवणारे शेवटचे गृहस्थ मागंच वारले, त्यामुळं तुझ्या अंगठ्याचं काय करायचं ते मला समजत नाही. शिवाय फोनवर बोलायचं तर तुझी अक्का कायम ऐकू येईल एवढ्या अंतरावर असते. म्हणून हे पत्र.

विषय: तुझ्या कंपनीनं बनवलेलं आणि तू आम्हाला भेट दिलेलं, पुढून दार असलेलं कपडे धुण्याचं मशीन. तक्रार: मशीनमध्ये कोणताही दोष नाही.

ते आलं तो दिवस मला चांगला आठवतो. लेकीचं, शुभांगीचं, लग्न उरकून आम्ही दमून बसलो होतो आणि तू अक्काला म्हणालास की आता दगडावर कपडे आपटणं बंद. मग तू मला मशीनसमोर पाटावर बसवून सगळं समजावलंस. मी भुसार मालाचा आडत्या, मला तूर कळते आणि हरभरा कळतो, तरी तुझं बोलणं मला अजून पाठ आहे. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये मधोमध खांब असतो, तो कपड्याला पीळ देतो. (आमच्या आधीच्या मशीननं तुझ्या अक्काच्या इरकलीचा असा दोर वळला होता की त्यानं बैल बांधता आला असता.) या मशीनमध्ये खांब नाही. आतलं पिंप आडवं फिरतं, कपड्याला वर उचलतं आणि पाण्यात अलगद सोडतं. पिंपाची भोकं बारीक, म्हणजे धागा अडकत नाही. आतून लहान लहान उंचवटे, म्हणजे कपडा आणि पत्रा यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि कपडा त्याच्यावरून घसरतो. ‘दाजी, आपण धुतले गेलो हे कपड्याला कळतसुद्धा नाही,’ असं तू म्हणालास. ते उंचवटे तू स्वतः आखलेत हेही तू सांगितलंस, जरा खाली बघून. मला तुझा फार अभिमान वाटला होता. तो मी दाखवला नाही, कारण मेव्हण्याला असं काही दाखवायची आपल्याकडं पद्धत नाही.

तू सांगितलंस त्यातलं अक्षर न् अक्षर खरं निघालं. शेजारच्या फरहाना भाभी काचेतून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ये कपडे धोरी नै, सुलारी.” म्हणजे हे धुवत नाही, निजवतंय. तसंच आहे. तेव्हापासून आमच्या घरात काहीही फाटलेलं नाही. आता आमच्या घरचा नियम तुला ठाऊक आहे: जुनं फाटल्याशिवाय नवं नाही. (नियम अक्काचा, माझी फक्त मान हलते.) पूर्वी बनियनमध्ये डोकं कुठल्या भोकातून घालायचं असा प्रश्न पडू लागला की नवं यायचं. आता बनियन जसंच्या तसं, सदरे जसेच्या तसे, धोतरं तर दुकानातल्या घडीसारखी कडक. गेल्या दिवाळीला मी नव्या कपड्यांचा विषय काढला, तर अक्कानं शुभांगीच्या लग्नातला सदरा माझ्यापुढं धरला आणि त्यात काय वाईट आहे ते दाखवा म्हणाली. मी खूप शोधलं. काही सापडलं नाही.

इथपर्यंत मी तक्रार केली नसती. पुरुषानं नव्या सदऱ्यासाठी मेव्हण्याला पत्र लिहू नये. पण आता शुभांगी पहिल्या बाळंतपणासाठी आली आहे, दिवस भरत आलेत, आणि अक्कानं बाळोती शिवायला म्हणून ट्रंक उघडली. तुला मूल होईल तेव्हा कळेल, पण आता सांगून ठेवतो. बाळाला पहिल्यांदा गुंडाळायचं ते जुन्या, वापरून मऊ झालेल्या कापडात. नवं कापड त्याला टोचतं. आणि पहिले बारा दिवस, बारसं होईपर्यंत, ही जुन्या कापडाची धडुती माहेरची. बाकी सगळं सासरकडून आलं तरी चालतं, धडुती मात्र आईच्या आईनं द्यायची. अक्कानं ट्रंक तळापर्यंत उपसली. आत एकही चिंधी नाही.

जुनं सगळं कुठं गेलं असं तू विचारशील. तुझं मशीन आलं त्याच आनंदात तिनं घरातली सगळी धडुती जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या दैवशालाच्या पुढ्यात टाकली आणि त्या बदल्यात स्टीलचं एक मोठं घंगाळ घेतलं. तेव्हा वाटलं, फाटणारं फाटतच राहतंय, पुन्हा साठेल. ते साठलं नाही. आता अक्कानं दैवशालालाच बोलावून विचारलं की त्यातलं काही परत मिळेल का. ती हसली नाही, हे तिचे उपकार. एवढंच म्हणाली, “वैनी, ती कापडं कवाच गेली. आन् तुमच्या घरात आता काय राम ऱ्हायला न्हाय.”

मग आम्ही कपडे झिजवायला काढले. तुझ्या मशीनमध्येच काढले, कारण दुसरं मशीन नाही. माझी दोन धोतरं आणि अक्काची दोन लुगडी, स्वच्छ धुतलेली, पुन्हा आत. सगळ्यात लांबचा कार्यक्रम लावला. सगळ्यात गरम पाणी लावलं. बाहेर काय आलं, तर स्वच्छ कपडे. पुन्हा लावले. आणखी स्वच्छ कपडे. नळाला पाणी आलेल्या दिवशी सगळी गल्ली हंडे भरत असते, आणि आम्ही स्वच्छ कपडे धूत होतो. (पाणी मात्र त्यानं फार थोडं घेतलं. हा आणखी एक गुण.) तेव्हा मी विचार केला की आजवर आपण कपडे दगडाकडं नेत होतो, आता दगड कपड्यांकडं न्यावा. ओढ्यातून चांगले गुळगुळीत गोटे आणले, धोतरात बांधले आणि आत ठेवले. मशीननं एक फेरा घेतला, डाळमिलीत खिळा गेल्यासारखा आवाज केला आणि ते थांबलं. वर एक अक्षर आणि एक आकडा उमटला, दार घट्ट लागलं आणि मशीन बारीक आवाजात टुंग टुंग करत बसलं. रागावलं नाही, वाईट वाटल्यासारखं करत होतं. पाणी उतरेपर्यंत दार उघडत नाही हे तू सांगितलं होतंस, म्हणून आम्ही दोघं समोर बसून राहिलो. काचेला लागून गोटे दिसत होते. फरहाना भाभी आल्या, काचेतून बघितलं, काही न विचारता गेल्या. शेजार असावा तर असा. मशीन नंतर सुरू झालं आणि व्यवस्थित चाललं आहे. फक्त तू आखलेल्या उंचवट्यांत एकाची भर पडली आहे, ती तुझ्या कंपनीला कळवायची गरज नाही.

धोतर शाबूत होतं. मग मी ते दुकानात नेलं, फरशीवर अंथरलं आणि हमालांना त्याच्यावरून तुरीची पोती ओढायला सांगितलं. त्यांना वाटलं कसलातरी नवस आहे. संध्याकाळपर्यंत धोतराला तीन ठिकाणी भोकं पडली, पण मऊ म्हणशील तर ते जराही झालं नाही. फाटणं वेगळं आणि मऊ होणं वेगळं, हे आयुष्यभर धोतर नेसून मला परवा कळलं.

एवढ्यात शुभांगीच्या सासूबाई, बेंबळीच्या प्रेमाबाई, यांचा फोन आला. (फोन स्पीकरवर होता. वाईट बातमी नेहमी स्पीकरवर येते.) त्यांच्याकडं मशीन नाही. त्या अजून विहिरीवर दगडावर कपडे आपटतात, आणि त्यांची लुगडी अशी झाली आहेत म्हणे की हातात धरली तर हात दिसतो. “विहीणबाई, काय बी काळजी करू नका, आमच्याकडं ट्रंकभर हाय, मी घेऊन येते की,” असं त्या फार प्रेमानं म्हणाल्या. तुझ्या अक्कानं फोन ठेवला आणि दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, “लेकराला गुंडाळाया घरात एक चिंधी न्हाय, आन् लोक म्हनत्यात पार्वतम्माचं समदं चांगलंय.”

शुभांगीनं मोबाइलवरून तयार दुपटी मागवली. दोन दिवसांत आली, वर सशांची चित्रं. मी हात लावून बघितला, खरोखर मऊ होती. अक्कानंही हात लावला, घडी केली आणि बाजूला ठेवली. मी म्हणालो, आता तर मऊही आहे. तर म्हणते, “मऊ हाय हो. पर त्याला कुनाचं अंग लागलेलं न्हाय. पैल्या दिवशी लेकरानं कुनाच्या कुशीत जायाचं, सशाच्या?” याचं उत्तर तुझ्याजवळ असेल तर कळव.

तेव्हा माझी तुझ्या कंपनीला अशी सूचना आहे की पुढच्या मशीनवर एक जादा बटण ठेवावं आणि त्यावर ‘दगड’ असं लिहावं. ते दाबलं की मशीननं कपड्यावर एवढी माया करू नये. कपड्यानं थोडं विरावं, थोडं उसवावं, घरात आजी होण्याच्या वयाची बाई असेल तर तिच्या ट्रंकेत काहीतरी जमू द्यावं. तू हुशार आहेस. जो माणूस कपडा वाचवू शकतो, त्याला तो घालवणं अवघड जाऊ नये.

तुझ्या पत्नीस आशीर्वाद, तुझ्या पाठीस शेक. पावसाळ्याआधी एकदा येऊन जा. अंगठा न पाठवता उत्तर लिहावं.

तुझा,
सोमलिंग दाजी

ता. क. १ : बटणाचं कंपनीत खरंच बोलू नकोस. लोक हसतील आणि तुझी बढती राहील. मशीन उत्तम आहे. मी त्याच्यासमोर बसूनच हे लिहितो आहे, आणि आत माझी धोतरं निजली आहेत.

ता. क. २ : लिहायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते वरच्या सगळ्या मजकुरात बसलं नाही. तुमच्या आई, गंगम्मा, शेवटची वर्षं तुझ्याकडं होत्या. त्यांची लुगडी तू ठेवली आहेस. त्यांनी शेवटपर्यंत ती तुझ्या मशीनला दिली नाहीत, बाथरूममध्ये फरशीवर स्वतः आपटून धुवायच्या, हे तूच हसत सांगितलं होतंस. दिवसकार्याला आलो तेव्हा तुझ्या अक्काला त्यातलं एक मागायचं होतं. पण तू ते गाठोडं मांडीवर घेऊन बसला होतास, म्हणून तिनं मागितलं नाही. येताना एसटीत नळदुर्ग गेल्यावर एवढंच म्हणाली, “ऱ्हाऊ दे त्याच्यापाशी.” ती आताही मागणार नाही. मी मागतो आहे. एक लुगडं पाठव.

ता. क. ३ : धुऊन पाठवू नकोस. तुझ्या मशीनमध्ये तर अजिबात नको. आहे तसं पाठव.

ता. क. ४ : पाकीट चिकटवायला खळ मागितली, तर अक्कानं पत्रच हातातून घेतलं आणि सगळं वाचलं. म्हणाली, गोट्यांची कल्पना माझी होती, यांनी उगाच स्वतःच्या नावावर लिहिली आहे. मग म्हणाली, त्याला सगळं पाठवू नको म्हणावं, अर्धंच पाठव, अर्धं तुझ्यापाशी ठेव, “आई त्याचीबी व्हती.” तेव्हा अर्धं पाठव. कात्री लागणार नाही, मध्यावर धरून हातानं फाडलंस तरी सहज फाटेल. फाडताना एकटा बसू नको, असंही ती म्हणते.