धाकटीचे नाव कमी करू नये

प्रति,
मा. परीक्षा अधिकारी,
लेखा सहायक प्राथमिक परीक्षा विभाग

विषय : माझ्या धाकट्या जावेने परीक्षेतून नाव काढून घेण्यासाठी केलेला अर्ज नामंजूर करण्याबाबत.
संदर्भ : तिचा सोबत जोडलेला अर्ज.

महोदय,

मी आपल्या संध्याकाळच्या तुकडीत शिकते. माझी जाऊही शिकते. तिने आपल्याकडे पोहोचवायला दिलेला अर्ज मी पोहोचवत आहे; तो मान्य करू नये म्हणून हा माझा अर्ज.

१. नाव आधी मी घातले. पहिल्या दिवशी धाकटी मला फक्त सोडायला आली होती, कारण मला लिफ्टची भीती वाटते. शिक्षकांनी विचारले, दुकानदाराने विकायची खुर्ची स्वतःच्या घरी नेली, तर नोंद कुठे? मी हात वर करतच होते. दारातून ही म्हणाली, "उचल खात्यात." ते तिने माझ्याच तोंडून ऐकले होते, भांडी घासताना मी पाठ करायचे. शिक्षकांनी तिला तिथेच बसवून घेतले.

२. घरात आधी "मोठी शिकतेय" म्हणत. मग "दोघी शिकताहेत" झाले. आता पाहुण्यांना सांगतात, "धाकटी शिकतेय, मोठीही जाते." त्या 'जाते'ने माझ्या अंगाची आग होते. बँकेचे काही अडले की खुद्द माझा नवरा माझ्या डोक्यावरून तिला हाक मारतो. तिच्या तेरीजपत्रकाच्या जमा-नावे दोन्ही बाजू जुळतात, माझ्या जुळत नाहीत. तिच्या जुळल्याचा मला आनंद होत नाही, हे लेखी देते. एकदा तिच्याही जुळल्या नव्हत्या, तेव्हा मी घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

३. परवा सासूबाईंनी सुनावले, "दोघी बाहेर हिंडणार आणि मी म्हातारी ओट्याशी? एकीने घरी थांबायचं." मी भांडायला तोंड उघडले, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "मी थांबते. ताईंनी आधी नाव घातलंय, त्यांना जाऊ दे." सगळे गहिवरले. जेवताना मान वर न करणारे सासरे म्हणाले, "याला म्हणतात मन." महोदय, मीही तिथेच बसले होते. माझ्या मनाबद्दल कोणी काही बोलले नाही.

४. आता मी पास झाले तर म्हणतील, "हिच्यासाठी तिनं सोडलं." नापास झाले तर म्हणतील, "तिचंही वाया घालवलं." काहीही झाले तरी जमा तिच्या खात्यात. आणि परीक्षेला न बसलेली बाई जन्मात नापास होत नाही! घरातला प्रत्येक जण मरेपर्यंत तिला पहिल्या नंबराने पास करत राहील. ते मी ऐकून घेणार नाही.

अर्ज माझ्या हातात देताना ती हसली. मी तिला ओळखते, ते हसू खोटे होते. तिला सोडायचे नाही. ती आत जाऊन रडली याचे मला बरे वाटले, आणि बरे वाटले म्हणून स्वतःचा रागही आला.

५. तरी तिचा अर्ज 'नियमात बसत नाही' असा शेरा मारून फेटाळावा. तसा नियम नसेल तर करावा. परीक्षेत तिला माझ्या पुढच्या बाकावर बसवावे, पण तिची उत्तरपत्रिका मला दिसेल इतके जवळ नको. नाहीतर मला जास्त गुण पडल्यावर बघून लिहिले म्हणतील. संध्याकाळच्या स्वयंपाकाची काळजी आपण करू नये. आम्ही दुपारीच करून ठेवू. गरम करायला दोघा भावांना हात आहेत.

मला तिला हरवायचे आहे. घरी बसलेल्या बाईला हरवता येत नाही.

नामंजुरीचे पत्र घरच्या पत्त्यावर, मोठ्या अक्षरांत पाठवावे. सासूबाईंना बारीक दिसत नाही, आणि ते त्यांनीच वाचलेले बरे.

आपली, या अर्जापुरती नम्र,
(सही)
थोरली जाऊ, संध्याकाळची तुकडी
दिनांक : आजचाच

सोबत :
१) धाकटीचा अर्ज.
२) तिचे ओळखपत्र. जमा करायला दिले होते, करून घेऊ नये. शिपायाच्या हाती लगेच परत द्यावे, मी बाहेर बाकावर बसले आहे. आज वर्ग आहे, आणि ओळखपत्राशिवाय तिला आत सोडत नाहीत.