डच वखारीची चावी

५ फेब्रुवारी १९९९, अल क्वोज

खोटं बोललो. साधंसुधं नाही — तीनशे वर्षांचं!

माझी संजना अकरा महिन्यांची झाली आणि बापाने तिला फक्त फोटोत पाहिलंय. रजेचा अर्ज ऑफिसातून परत आला. इथे आखातात दोन वर्षं पुरी झाल्याशिवाय रजा नाही. घरी कुणी मेलं तर बघू. म्हणजे मेलं तर रजा, जन्मलं तर नाही!

काल जबल अलीच्या यार्डात यान साहेब माझ्या स्टोअरमध्ये आला. आमची कंपनी समुद्रातला गाळ उपसते, हा तिचा मोठा इंजिनियर, हॉलंडचा. सहज विचारलं, इंडियात गाव कुठलं? तुळस म्हटलं असतं तर त्याला काय कळणार? जवळचं सांगितलं, वेंगुर्ला. साहेब ताडकन उठला. "वेंगुर्ला! तिथे तर आमची वखार आहे!"

माझ्या जिभेला हाड नाही. म्हणालो, "येस सर. चावी आमच्याच घरी असते. तीनशे वर्षं. पिढ्यान् पिढ्या."

साहेब माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फोटो काढून आण. चावीपण दाखव. बारा दिवस रजा. यल्ला, जा."

खोलीवर माझ्यासोबत राहणाऱ्या बाबाजीला सांगितलं. तो हसून हसून पलंगावरून पडायचा बाकी. "मेल्या, वखारीत कधी गेललंस तरी?"

नाही गेलो. रस्त्यावरून शंभरदा बघितली असेल. गावातलं कोण आत जाऊन बघतो?

८ फेब्रुवारी

कंपनीने ठेवून घेतलेला पासपोर्ट हातात आला. खलास. आता माघार नाही!

१२ फेब्रुवारी, तुळस

संजना मला बघून रडली. जवळ घेतली तर आणखी जोरात. बायको, गिरिजा, म्हणाली, "फोटोतलो माणूस एकदम बोलाक लागलो, म्हणान भियाला ता."

सगळे हसले. मीपण. पण लागलं. फार लागलं.

१६ फेब्रुवारी

आज वखार! बाबाजी त्याच्या रजेवर कणकवलीला आलाय, तो सकाळच्या एसटीने हजर. शाळेतला माझा दोस्त रामेश्वर स्वतःची रिक्षा घेऊन आला. मागे आम्ही तिघं, गिरिजाच्या मांडीवर संजना, पायाशी घावण्यांचा डबा. रामेश्वरने रिक्षा अशी हाणली की चटणी माझ्या पँटवर. साहेबासाठी इस्त्री केलेली पँट!

वखारीपाशी उतरलो. मी कॅमेरा गळ्यात, छाती पुढे. भोवती झुडपं, भिंतींत पिंपळाची मुळं, वर उघडं आभाळ. बाबाजी एक फेरी मारून आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"नीलेश, चावी खंयच्या भोकात घालतलंस? हयसर दारच नाय!"

खरंच नाही. दार नाही, चौकट नाही. छप्पर गेलेल्या घराची तीनशे वर्षं चावी सांभाळणारं आमचं घराणं! रामेश्वर तर जमिनीवर बसून हसला. मला नोकरी दिसत होती, हातातून निघालेली.

गिरिजा शांतपणे घावणे वाढत होती. म्हणाली, "माझ्या माहेरच्या कोठीची चावी आसा. वीतभर लांब. कुलूप कधीच हरवलाहा. ती घेवन जावा." मग वर म्हणते, "दार नाय म्हणान तर चावी जपूक व्हयी!"

या बाईला मी लग्नात नीट पाहिलीच नव्हती असं वाटलं.

फोटो काढायला लागलो तर नवीनच कटकट. संजना रांगत रांगत प्रत्येक भिंतीच्या पुढे. बाबाजीने उचलली की त्याच्या खांद्यावर गप्प, खाली ठेवली की परत कॅमेऱ्यासमोर. छत्तीसचा रोल संपला. शेवटी मी दमून कमानीखाली बसलो. ती आली, माझा गुडघा धरून उभी राहिली आणि चटणीच्या डागावर बोट घासत बसली. रडली नाही. मी हललोच नाही. मुंग्या चावत होत्या तरी नाही.

२५ फेब्रुवारी, अल क्वोज

परत. बोलायला नको.

२७ फेब्रुवारी

रोल धुऊन आणला. छत्तीसपैकी एकोणतीसमध्ये संजना! कुठे डोकं, कुठे नुसते पाय. बाबाजीने फोनवर सल्ला दिला, ते सात तेवढे दे. पण त्या सातात नुसती झाडी. हिंमत केली, सगळे दिले. चावीपण दिली, लाल फडक्यात गुंडाळून.

साहेबाने एकेक फोटो सावकाश बघितला. "आणि ही कोण?"

"सर, चावीची पुढची वारस."

साहेब हसला नाही. चावी दोन्ही हातांनी घेतली. जिंकलो!

१९ मार्च

साहेबाने चावी केबिनच्या भिंतीवर लावलीय, काचेत. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला उभं करून गोष्ट सांगतो. मी तीनशे म्हटलं होतं, हा साडेतीनशे सांगतो! मी चहा ठेवून खाली मान घालून पळतो. एवढा शिकलेला माणूस आणि किती भोळा. थोडी लाज वाटते. थोडीच.

४ मे

साहेब काल कायमचा हॉलंडला गेला. आज व्हिसाच्या कामाला ऑफिसात गेलो, क्लार्क मोहिद्दीनने माझी फाईल उघडली. वर फेब्रुवारीचा रजेचा कागद, साहेबाच्या हाताने भरलेला. मला वाटलं, कारणात वखार असेल. वखारीचं नावही नाही. लिहिलंय — मुलीला अजून पाहिलेलं नाही. खाली मंजुरीची सही, तारीख ३ फेब्रुवारी. मी खोटं बोललो त्याच्या आदल्या दिवशीची. मोहिद्दीन म्हणाला, "तेरा पहला अर्जी साब ने खुद मंगवाया था. बोला, मैं स्टोर में जाके उसको बोलता हूँ."