सूचर म्हणजे शिवणच

१४ नोव्हेंबर
धान कापता कापता विळा डाव्या हातावर बसला! माझ्या लेकीच्या, आचलच्या बाबांनी दुपट्ट्यानं हात बांधला, मोटरसायकलवर थेट गोंदियाच्या दवाखान्यात आणलं. अंगठ्याजवळचं बोट वाकतच नाही. डॉक्टर रीता म्हणाल्या — आतली दोरी तुटली. मी एवढंच विचारलं, "मी इथून जवळच्या गोरेगावात ब्लाऊज शिवते. पुढं शिवता येईल ना?" त्यांनी ऑपरेशनचा कागद सहीसाठी पुढं केला.

१५ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. हाताले भूल दिलेली, पण कान जागे होते. डॉक्टर सारख्या "सूचर, सूचर" मागून राहिल्या होत्या. न राहवून विचारलं, "सूचर म्हणजे का जी?"
"टाका, धुरपताबाई. शिवण."
मग बिनघोर पडून राहिली. शिवण मले समजते.

१७ नोव्हेंबर
आचल कॉलेजातून भेटायले आली. तिले सूचरचं सांगितलं, तर मोबाईलवर शोधून उड्याच मारून राहिली पोरगी! म्हणे, हा शब्द लॅटिनमधला — 'सुतुरा', म्हणजे शिवण. 'सुएरे' म्हणजे शिवणे. त्याच्याही आधी हजारो वर्षांपूर्वीची एक भाषा होती. तिचं लिहिलेलं काहीच उरलं नाही. पण तिच्यापासून निघालेल्या भाषा ताडून जाणकारांनी मूळ काढलं — 'स्यू'. त्याचीच एक फांदी संस्कृतात आली, अन् तिथून आपलं शिवणं.
"म्हणजे माय, तू अन् डॉक्टर मॅडम एकाच घराण्यातल्या!"
बाजूच्या खाटेवरच्या पुष्पाबाईही हसल्या. मी सातवी शिकलेली — अन् माझ्या धंद्याचा शब्द एवढा जुना!

२८ नोव्हेंबर
वरचे टाके काढले. काढण्याआधी नीट पाहून घेतले. सारख्या अंतरावर, एकही वाकडा नाही.

९ डिसेंबर
बोट अजून ताठच. दोन गिऱ्हाइकं कापड परत घेऊन गेली. मी रडली.

१ जानेवारी
पट्टी सुटली. व्यायाम करताना बोट वाकलं! थोडंच, पण वाकलं. आचलचे बाबा म्हणाले, "आता विळ्याले हात लावशील तर पाह्य!" किती उपकार आहेत या माणसाचे. हा दीड महिना भात त्यांनीच रांधला.

८ फेब्रुवारी
पहिलं ब्लाऊज पुरं झालं. डॉक्टर रीतांसाठी. चार दिवस लागले.

१० फेब्रुवारी
ब्लाऊज हातात घेऊन डॉक्टर रडल्याच. म्हणाल्या, "मोठे डॉक्टर बाजूला उभे होते, पण बोटाची दोरी मी त्या दिवशी पहिल्यांदाच शिवली." देवा! बरं झालं, तेव्हा नाही सांगितलं. मी म्हटलं, "बाई, मी शिवलेलं पहिलं ब्लाऊज तर अंगात घालतानाच फाटलं होतं!"