आम्ही टायर जाळत नाही, दादा!

तीर्थरूप दादास,

धाकटीचा काळ्या हातांनी साष्टांग नमस्कार. (हात धुतलेत. काजळी जात नाही त्याला मी काय करू?) तुझा गुडघा कसा आहे, आणि माझ्यावरचा राग कसा आहे? दोन्ही जुनी दुखणी, एवढ्यात बरी व्हायची नाहीत, पण विचारायला हवं.

तुझा निरोप पोचला. ‘टायर जाळायचे धंदे बंद कर, शेड विकून मोकळे होऊ.’ शेड आपल्या दोघांची, मान्य. पण आधी तो ‘जाळायचे’ शब्द मागे घे! मी टायर चिरून ड्रममध्ये भरते, झाकण गच्च आवळते आणि बाहेरून तापवते. आत हवाच नाही तर जळणार काय, कपाळ? कोंडून तापवलं की रबराची वाफ होते, ती गार केली की तेल मिळतं, कारखान्यांच्या भट्ट्यांना चालणारं. (लग्नाआधी मलाही तुम्ही घरात कोंडून तापवलंत. त्यातून काय निघालं ते बघतोच आहेस.)

आता तुझ्या कानावर आलेली भानगड माझ्याकडून ऐक. शेजारच्या लॉन्ड्रीवाल्यानं तक्रार केली, की माझ्या धुरानं त्याच्या चादरी काळ्या होतात. तपासणीला प्रदूषण मंडळाचे साहेब आले. पांढराशुभ्र शर्ट, बोलायला गोड. अंगणात उभे राहून चिमणीकडे बघत बसले, मान अवघडली बिचाऱ्यांची, पण धुराचं नाव नाही! लॉन्ड्रीवाल्याचं तोंड एवढंसं झालं. मग साहेबांनी विचारलं, तेल काढल्यावर उरतं काय? उरते तार आणि काळी भुकटी. मी मोठ्या तोऱ्यात भुकटीची खोली उघडून दाखवली. खोलीत उकडत होतं. आमचे हे पाहुणचारात कधी मागे राहिलेत का? साहेबांना घाम आला म्हणून ऑफिसातला उभा पंखा उचलून आणला, ढिगाऱ्याच्या मागे ठेवला आणि माझ्या तोंडून ‘अहो नको’ निघायच्या आत बटण दाबलं. फुल्ल! साहेब ओळखू येईनात, हे ओळखू येईनात, दोघं ‘साहेब, साहेब’ करत एकमेकांना चाचपडताहेत. वर ह्यांनी त्यांना तोंड पुसायला तेलाचं फडकं दिलं. उरलेली भुकटी खिडकीतून थेट चादरींवर. लॉन्ड्रीवाला इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

साहेब तरीही सरळ वागले. म्हणाले, धुराबद्दल काही म्हणणं नाही, पण भुकटी ड्रममधून परस्पर बंद पेटीत पडली पाहिजे. तोवर भट्टी थंड. (चादरी खरंच आमच्या भुकटीनं काळ्या होत होत्या. हे लॉन्ड्रीवाल्याला मी मेले तरी सांगणार नाही.)

म्हणून काय शेड विकू? मुळीच नाही! उकिरड्यावर तेच टायर डास पोसतात, कुणी काडी टाकली की वस्तीभर खोकला, तेव्हा कुणाला तपासणी सुचत नाही. मला कुणाची मदत नको, सल्ला त्याहून नको. गिऱ्हाईक घेऊन आलास तर दारात आडवी पडेन, आणि माझं वजन तुला ठाऊक आहे.

तुझी (न ऐकणारी) धाकटी

ता. क. इथल्या वेल्डरनं पेटी करून दिली. तिच्यापेक्षा चाळणी बरी. तू जन्मभर बॉयलर जोडलेस, तुझे स्वतःचे सांधे गेले पण तू जोडलेल्या सांध्यातून कधी वाफ निसटली नाही. खुर्चीत बसून जोड, पत्रा मी धरते. हे तर हल्ली दिव्याचं बटण दाबायलाही मला विचारतात. मला असा नवरा बघवत नाही रे.

पुन्हा ता. क. मी बोलावलंय म्हणून वहिनीला सांगू नकोस, येऊ देणार नाही. शेड विकायला चाललोय म्हण. डबासुद्धा बांधून देईल.