चौदाव्या पानावरचे तीन ठिपके

१२ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. वहिनीची कंबर आता कशी आहे? तिला उगाच जिने चढायला लावू नकोस.

तुझ्या छापखान्यातून गुरू ग्रहाच्या पुस्तकाची कच्ची पानं आली. बघून डोकं फिरलं. अवकाशयानाने पाठवलेल्या फोटोंतून मी तयार केलेला गुरू फिकट होता, जुन्या कागदासारखा. तू तो भट्टीतून काढल्यासारखा लालभडक केलास. तेही एक वेळ चाललं असतं. रंग आम्हीही चढवतो, पण चढवला की खाली तसं लिहितो.

चौदाव्या पानावरचे तीन ठिपके कुठे गेले?

फोन केला तर म्हणालास, "अगं, ते डाग होते. मीच पुसले. पाच मिनिटांचं काम."

"डाग कसले? चंद्र होता तो!"

"एक चंद्र आणि तीन ठिपके? तूच बघ बाई."

बघितलंय, दादा. अकरा दिवस तेच बघत होते. त्या यानाचा कॅमेरा रंगीत फोटो काढत नाही. लाल, हिरव्या, निळ्या काचेतून एकामागून एक तीन काळे-पांढरे फोटो काढतो आणि मी ते एकावर एक बसवते. ग्रह नीट बसला. पण त्याच्याजवळचा चिमुकला चंद्र तेवढ्या मिनिटांत पुढे सरकला होता, म्हणून तीनदा उमटला, तीन रंगांत. मला ते ठिपके एका जागी आणता आले असते. मुद्दाम ठेवले, कारण चंद्र चालतो हे त्यांत दिसतं. शेजारच्या पानावर मी तेच लिहिलंय. आता मुलं वाचणार, "हे तीन ठिपके पाहा", आणि समोर नुसतं काळं आकाश. खाली माझं नाव.

विचारायचं तरी होतंस. पण तू कधी विचारतोस? बाबांच्या ओठाभोवतीचं कोड तू त्यांच्या फोटोतून असंच पुसलंस. तुझ्या दिवाणखान्यात टांगलेला तो गुळगुळीत माणूस कोण, मला ठाऊक नाही. तेव्हा आई काही बोलली नाही, म्हणून मीही गप्प बसले.

पुढचं लिहायचं नव्हतं. पण भाचीच्या लग्नाचा अल्बमही त्याच पार्सलमधून निघाला. त्यात माझे दोन्ही हात एकाच रंगाचे आहेत.

कुणाला दिसू नये म्हणून केलंस? तिच्या सासूने माझा हाच हात धरून मला शेजारी बसवलं होतं. तिला दिसला होता, दादा.

शुक्रवारी पुस्तक छपाईला जाईल. त्याआधी ठिपके जागेवर आले पाहिजेत. नाहीतर माझं नाव काढून टाक. पाच मिनिटांचं काम आहे.

अल्बम परत पाठवते आहे.

तुझी बहीण,
डावा हात पांढरा असलेली