तिसऱ्या डब्याची खिडकी

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज दुपारी मी वहीचे कागद फाडून तुम्हाला लिहायला बसले आहे. टोकावड्याच्या या घरात आता मी एकटीच असते. तुमचे जावई गेले, लेक बेंगळुरूला आहे, ती रविवारी न चुकता फोन करते आणि मी जेवले का ते विचारते. माळशेजकडे जाणारी एसटी दारावरून गेली की मी अजून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहते, जणू तिलाही शेवटचा डबा असतो. ही सवय तुमची. तिसऱ्या डब्याबद्दल तुम्ही मला दोनदा विचारलं होतंत आणि दोन्ही वेळा मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. ते सांगायचं आहे. पण आधी चोपडीचं सांगते, कारण ती बाहेर निघाली नसती तर हेही माझ्या तोंडून निघालं नसतं.

मी ज्या शाळेत शिकवत होते तिथली एक नवी बाई गेल्या आठवड्यात घरी आली होती. मुरबाडला रेल्वे येणार अशी पुन्हा हवा आहे. तुम्ही असतानाही ती होती, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "आधी फाटक तरी यील, मंग गाडी." तर शाळेत मुलांसाठी रेल्वेच्या जुन्या वस्तू मांडायच्या आहेत. "बाई, तुमचे वडील गेटमन होते ना? काय जुनं असंल तर द्या की," म्हणाली. तुमची पत्र्याची पेटी तुम्ही गेल्यापासून माझ्या पलंगाखाली आहे. इतक्या वर्षांत मी ती पुसली, हलवली, पण उघडली नव्हती. परवा उघडली. वर तुमचा खाकी कोट, त्याखाली शिट्टी, आणि तळाशी कापडात बांधलेली पणजोबांची चोपडी.

घाटात रेल्वे नवीनवी चढली तेव्हा तुमचे पणजोबा रूळ बदलणारे सांधेवाले होते आणि त्यांना ही नियमांची चोपडी मिळाली होती, एवढंच तुम्हाला ठाऊक होतं. चोपडी तुमच्या हाती आली तेव्हाच तिची पहिली पानं गेलेली. अर्धे नियम प्रवाशांसाठी, अर्धे नोकरांसाठी. आगगाडी म्हणजे काय हेच लोकांना माहीत नव्हतं, त्यामुळे सगळं शिकवावं लागत असणार. घंटा झाल्यावर धावत येऊ नये. पेटती चिलीम डब्यात नेऊ नये. खिडकीबाहेर डोकं काढू नये. कोकरू पदराखाली लपवून आणू नये. हा नियम वाचताना आई दर वेळी हसायची आणि म्हणायची, आमच्या वैशाखऱ्याच्या कुण्या बाईनंच आणलं असंल. नोकरांनी स्टेशनाचं नाव मोठ्यानं आणि स्पष्ट सांगावं, प्रवाशानं शिवी दिली तरी उलट बोलू नये, कुणाकडून भेट घेऊ नये, गाडी जाताना बसू नये, आणि वरच्यांना जे लिहून द्यायचं ते खरंच लिहावं. तुम्ही संध्याकाळी दिवा लावल्यावर ती पोथीसारखी मांडीवर घ्यायचात. रेल्वेनं तुम्हाला दुसरं, नवं पुस्तक दिलं होतं, पण तुमचा जीव या चोपडीत.

आणि तुम्ही तो कारभार घरातही चालवलात. जेवणाला पाटावर आधी येऊन बसायचं, हाक मारल्यावर धावत यायचं नाही. फाटकापलीकडच्या मळेवाल्या आजोबांनी काकड्यांची टोपली आणून ठेवली तर तुम्ही ती उचलून परत त्यांच्या बांधावर ठेवून आलात. आई चुलीपुढून म्हणाली, "हे घर हाय का ठेसन?" तुम्ही म्हणालात, "दोन्ही." दुसऱ्या दिवशी आई मागच्या वाटेनं जाऊन त्यातल्या चार काकड्या घेऊन आली, आणि तुम्ही कोशिंबीर दोनदा मागून खाल्लीत. कुठून आली ते विचारलं नाहीत. मला अजूनही वाटतं, तुम्हाला माहीत होतं.

मला तुमचा आवाज चढलेला एकदाच आठवतो. मी सात वर्षांची आहे, केबिनच्या ओट्यावर उभी आहे आणि तुमची हिरवी झेंडी घेऊन शेळ्यांना रस्ता मोकळा करून देते आहे, जोरजोरात हलवून. तुम्ही धावत येता, झेंडी हिसकावता. "हलवायची नाय ती. धरायची. हिरवी अशी धरली, सरळ, म्हंजे बिनघोर जा. हलवली का डायवरला वाटतं पुढं काय तरी भानगड हाय, हळू चाला. झेंडी म्हंजे बोलणं हाय गो बाय, उगाच बोलायचं नाय." मग ती गुंडाळून तुम्ही आत ठेवलीत आणि मला गुळाचा खडा दिलात. त्यानंतर आपली दोघांची एक गंमतच झाली. शहापूरच्या डेपोत कुणी पुढारी नव्या एसटीसमोर झेंडी फडफडवताना दिसला की तुम्ही माझ्याकडे बघून पुटपुटायचात, "हलवतोय बग. गाडी सुटायची कशी?" लोक सगळे तसंच बोलतात, झेंडी हलवली म्हणतात. धरणं आणि हलवणं यातला फरक आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हता.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मला नाशिकला डीएडला प्रवेश मिळाला. तुम्ही एकटे राहणार होतात. मी निघायच्या आदल्या दिवशी तुमच्या जागी बदलीवर येणाऱ्या गेटमनचा निरोप आला की त्याचं लेकरू तापानं फणफणलंय, तो येऊ शकत नाही. मी म्हटलं, एक दिवस सांगा ना साहेबांना. तुम्ही म्हणालात, "माणूस आल्याबिगर फाटक सोडता येत नाय." मी म्हटलं, "मग तुमचं फाटकच माझ्यापेक्षा मोठं." तुम्ही माझ्या ट्रंकेची दोरी आवळत होतात, ती आवळत राहिलात. सकाळी वैशाखऱ्याहून मामा आला आणि तोच मला घेऊन आसनगावला निघाला. मी तुमच्या पाया पडले, पण तुमच्या तोंडाकडे बघितलं नाही. तुम्ही म्हणालात, "गाडी फाटकावरनं जातेच हाय. मी हाय उभा." बस, इतकंच.

आसनगाव सोडल्यावर दहा मिनिटांत आपलं फाटक. पॅसेंजर गाडी, डब्यात फारशी माणसं नव्हती. फाटक जवळ आलं आणि गाडीचा वेग एकदम मोडला, माणूस चालत येईल इतकी हळू झाली. मला वाटलं पुढे रुळाचं काम चाललं असेल. मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "बग गो, दाजी झेंडी हलवतात." मामाला रेल्वेतलं काय कळतंय, सगळे म्हणतात तसं म्हणाला, असं मी मनात म्हटलं आणि तो विषय तिथेच संपला. चाळीसहून जास्त वर्षं तो संपलेलाच होता.

दिवाळीला मी घरी आले ती फुगूनच. तुम्ही ओट्यावर विळीनं भोपळा चिरत होतात, आई गेल्यापासून स्वयंपाक तुमच्याकडे आलेला. मी म्हटलं, "मी एवढा हात हलवला खिडकीतून, तुम्ही साधं बघितलंसुद्धा नाहीत." तुमचा हात थांबला. तुम्ही म्हणालात, "डुटीवर वळख नसते गो बाय." आणि मग, भोपळ्याकडेच बघत, "कुठल्या डब्यात हुतीस?" मी म्हटलं, "तिसऱ्या. फाटकाच्या बाजूच्या खिडकीत." तुम्ही मान डोलावलीत. त्या दिवशी भाजी खारट झाली होती आणि मी तेही बोलून दाखवलं.

दुसऱ्यांदा विचारलंत ते शहापूरच्या दवाखान्यात, शेवटच्या तीन दिवसांतल्या एका सकाळी. नर्स सलाईन बदलून गेली. मी तुमच्या पायांना तेल लावत होते. तुम्ही शुद्धीत होतात, आवाज मात्र बसलेला. "तिसरा डबा म्हणालीस ना? तिसरा मी नीट बगितला हुता गो, खिडकीत तुजा मामा दिसला. इंजिनापासनं शेवटच्या डब्यापर्यंत सगळ्या खिडक्या बगितल्या. तू सुटलीस कशी नजरंतून?" ज्या माणसानं आयुष्यभर गाडीचा एकेक डबा नजरेनं मोजून घेतला, तो माणूस सगळा जन्म त्या एका डब्यापाशी अडकून पडला होता. मी म्हटलं, "झोपा बाबा, जुनं कशाला काढता." तुम्ही झोपलात. मला तेव्हा बोलता आलं असतं. दोन दिवस होते माझ्याकडे.

परवा चोपडी उघडली तर नोकरांच्या नियमांत एक घडी घातलेला कागद होता. जिथे खरं लिहून द्यावं असा नियम आहे, नेमका त्याच पानावर. तुम्हाला आलेला मेमो. अमुक पॅसेंजर गाडीला फाटकावरून विनाकारण हळू चालण्याची खूण केल्यामुळे गाडीचा वेग कमी झाला, तरी खुलासा करावा. तारीख मला पाठ आहे, मी नाशिकला गेले तो दिवस. खाली तुमच्या अक्षरातली खुलाशाची नक्कल, एकच ओळ. वाऱ्याने झेंडी हलली, पुन्हा असे होणार नाही. बाबा, त्या दिवशी वारा नव्हता. श्रावण सरत आलेला, झाडाचं पान हलत नव्हतं, मामा सारखा रुमालानं मान पुसत होता.

तुम्ही हळू करायला लावलीत गाडी. माझी खिडकी सापडावी म्हणून. तुमच्या नोकरीतला तो एकच मेमो, मी पेटी तळापर्यंत उपसून बघितली. काकडीची टोपली परत करणाऱ्या माणसानं वाऱ्याच्या नावावर खोटं लिहिलं, ते खोटं पणजोबांच्या नियमापाशी जपून ठेवलं, आणि माझ्यासमोर डुटीवर वळख नसते म्हणून गप्प बसला. मी परवापासून नीट जेवलेले नाही. लेकीला फोनवर सांगितलं, जेवले. तिला हे सगळं कुठून सांगायला सुरुवात करू ते कळत नाही, आणि ज्यांना एका वाक्यात कळलं असतं ती सगळी माणसं गेली.

चोपडी मी शाळेला दिली आहे. मेमो ठेवून घेतला. बाईंना मी सांगितलं, झेंड्या मांडाल तेव्हा मुलांना हलवू देऊ नका, धरायला शिकवा. त्या हसून "बरं" म्हणाल्या, त्यांना तो म्हातारीचा हट्ट वाटला असणार. आपलं फाटकही आता नाही, तिथे रुळाखालून रस्ता गेलाय आणि केबिनच्या जागी घाणेरीची झुडपं माजली आहेत. हे कागद घडी करून मी त्याच मेमोबरोबर पेटीत ठेवणार, दुसरीकडे कुठे पाठवू.

बाबा, मी हात हलवला नव्हता. डबा तिसराच होता, पण खिडकीत मामा होता. मी पलीकडच्या बाकावर, फाटकाकडे पाठ करून बसले होते, गाडी हळू झाली तरी वळले नाही. तुमच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं.