आईच्या पुस्तकाचा समास

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत. हिचा गुडघा अजून कुरकुरतो, पण जिना चढताना तिचं तोंड कुरकुरायचं थांबलंय, म्हणजे दुखणं उतरणीला लागलं असं मी धरून चाललोय. दुकानात प्रबंध बांधून घ्यायला विद्यार्थ्यांची झुंबड आहे. तीन-तीन वर्षं लिहीत बसतात आणि बांधून मात्र सगळ्यांना उद्या सकाळी हवं असतं.

आईची खोली आवरून झाली. दोन शाली तुझ्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत. चष्म्याचं काय करावं ते कळत नाही. माझ्या डोळ्यांना चालतो का म्हणून लावून पाहिला, सगळं धूसर दिसलं, परत डबीत ठेवला.

तू तिचं प्रार्थनेचं पुस्तक मागितलंस. ते तुझंच आहे, त्यात प्रश्नच नाही. पण पाठवायला थोडे दिवस लागतील. नव्या बांधणीची खळ अजून ओली आहे, आणि दाबाखालून घाईनं काढलं तर पुठ्ठा वाकडा होतो. तेवढा धीर धर. तू आईची लेक आहेस, तुला ते जमतं.

घरी सगळ्यांना नमस्कार सांगणे.

तुझा
भाऊ


दि. २ एप्रिल

ताई,

खळ एका दिवसात वाळते. महिनाभर ओली राहील अशी खळ अजून कोणी शिजवलेली नाही. तू बाइंडरची मुलगी आहेस, लहानपणी बाबांच्या हाताखाली पुठ्ठे चिकटवलेस, तुला हे माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी दुसऱ्या पत्रात तू मला एका शब्दानं हटकलं नाहीस. उलट लिहिलंस की पुस्तक आत्ता वाचायला नकोय, फक्त समासात आईनं तुझ्यासाठी काय लिहिलंय ते एकदा बघायचंय. ती गेल्या वर्षी फोनवर म्हणाली होती ना तुला, ये, मग पान उघडून दाखवते. तू आलीस तेव्हा तिला जाऊन तीन दिवस झाले होते.

ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? सगळं सांगतो. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतेस, आणि त्या ‘हं’चा सोयीचा अर्थ लावून मी वेळ मारून नेतो. पन्नाशी उलटली तरी माझी ही कला काही जात नाही.

गेल्या मे महिन्यात पुस्तकाची शिवण सुटली. आई ते पंच्यात गुंडाळून, कठड्याला धरत, स्वतः खाली दुकानात घेऊन आली. म्हणाली, सवडीनं कर. मी ते खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं. मग त्याच्यावर शाळेची हजेरीपुस्तकं आली, त्यांच्यावर कुठल्यातरी कचेरीचे दस्त आले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावाची पुस्तकं बांधून देणाऱ्याच्या घरात आईचं पुस्तक आठ महिने सुटं पडून होतं. रोज पाचला मी चहा प्यायचो तेव्हा ती खाली येऊन स्टुलावर बसायची, एकदा फळीकडे बघायची आणि दुसऱ्याच गोष्टी बोलायची. एकदाही विचारलं नाही.

मागायची ती एवढंच, की दुकान बंद केलंस की वर ये आणि मी प्रार्थना म्हणेपर्यंत दहा मिनिटं शेजारी बस. तू काही म्हणू नकोस, नुसता बस. मी म्हणायचो, उद्या. ती म्हणायची, बरं. त्या ‘बरं’मध्ये टोमणा असता तर मी भांडलो तरी असतो.

पन्नास वर्षं म्हटलेली प्रार्थना तोंडपाठ असणार, तिला पुस्तक कशाला लागतंय, असं मी स्वतःला समजावत होतो. पाठ होतीच. शब्दांसाठी तिला पुस्तक नकोच होतं.

जानेवारीत एके दुपारी ठरलेलं एक गिऱ्हाईक आलं नाही आणि मला तासभर मोकळा मिळाला. मी आईचं पुस्तक काढलं आणि झपाट्यानं उरकलं. शिवताना आमची नजर फक्त पानांच्या घडीवर असते, मजकुरावर नसते. शिवलं, पाठीला सरस लावला आणि कटिंग मशीनखाली धरलं. जुन्या पुस्तकाच्या कडा कळकट आणि फाटक्या झालेल्या असतात, त्या तिन्ही बाजूंनी बोटभर उडवायच्या, म्हणजे पुस्तक नव्यासारखं दिसतं. रोजचं काम. हात आपोआप चालतो.

बाबांचा नियम आठवतो तुला? कापायच्या आधी एकेक पान उलटून बघायचं, कारण कापलेलं पुन्हा चिकटत नाही. त्याला पाच-सहा मिनिटं लागतात. आठ महिने पुस्तक माझ्याकडे होतं, आणि ती पाच-सहा मिनिटं मी दिली नाहीत.

वर मरून रंगाचं कापड लावलं, चांगल्यातलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत वर घेऊन गेलो. आईनं कापडावरून हात फिरवला. एक पान उघडलं. मग दुसरं, मग मधलं, मग शेवटचं. पुस्तक मिटून तिनं कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “किती गुळगुळीत झालंय रे.” आणि मग, “तुला वेळ मिळाला, बरं वाटलं.”

एक काम हातावेगळं झालं म्हणून मी खूश होऊन खाली आलो.

त्यानंतर मात्र ती मागे लागली. मागे लागणं तिच्या स्वभावातच नव्हतं, तरी रोज म्हणायची, आज बस. मी एकदाच बसलो, एका रविवारी. पुस्तक मांडीवर मिटलेलंच होतं. ती प्रार्थना म्हणता म्हणता मध्येच थांबायची आणि एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागायची. तुझ्या मुलाचं घेतलं, हिचं घेतलं, समोरच्या शिंप्याचं घेतलं, त्याची बायको गेली त्याचं. मग अडकली. अजून कोणीतरी होतं, आठवत नाही, म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी घड्याळ बघत होतो. म्हटलं, आई, देवाला सगळे ठाऊक असतात, तू कशाला याद्या करत बसतेस?

ती हसली. म्हणाली, “देवाला ठाऊकच आहेत रे. मला विसरायचं नाहीये.”

तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी उठलो.

ती गेली तेव्हा मी मशीनवर होतो. भर दुपारची वेळ. हिनं जिन्यातून दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा मी ‘आलो’ म्हटलं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. झोपेत गेली एवढंच सांगितलं होतं.

तू परत गेल्यावर, तुला पाठवायचं म्हणून मी पुस्तक पहिल्यांदा नीट उघडलं. समासात तिचं बारीक पेन्सिलीतलं अक्षर, पानोपानी. आणि माझी सुरी त्याच्यावरून गेलेली. डाव्या पानांवर ओळींची सुरुवात गेली आहे, नावं तिथेच होती. नुसती मागणी उरली आहे. ‘ताप उतरू दे.’ ‘नोकरी टिकू दे.’ कोणाचा ताप, कोणाची नोकरी, काही कळत नाही. उजव्या पानांवर उलटं झालंय. नावं आहेत आणि पुढचं गेलंय. तिथे तू आहेस, ताई. ‘थोरलीला’ असं लिहिलंय, बऱ्याच पानांवर, कधी ठसठशीत, कधी थरथरत्या हातानं. त्याच्यापुढे कागद संपतो.

तुझ्यासाठी तिनं देवाजवळ काय मागितलं ते मी कापून टाकलं. पट्ट्या रद्दीच्या गोणीत गेल्या. रद्दीवाल्याकडे जाऊन आलो, गोणी केव्हाच पुढे गेली होती. मला फार लाज वाटते. हे वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले.

हल्ली मी सहाला दुकान बंद करतो आणि तिच्या खोलीत बसतो. प्रार्थना मला धड येत नाही. पहिले काही दिवस नुसतं खुर्चीचं कापड बघत होतो आणि दहा मिनिटं किती लांब असतात ते कळत होतं. आता डाव्या पानांवरचं वाचतो. ताप कोणाचा ते माहीत नसलं तरी उतरू दे म्हणतो. उजव्या पानांवर तुझ्यापाशी येऊन अडतो. तुला काय हवं होतं ते तूच सांगू शकशील. सांगितलंस तर रोज मागेन. नाही सांगितलंस तर रोज अडेन, पण बसेन.

पुस्तक टपालानं पाठवत नाही. येत्या शनिवारी स्वतः घेऊन येतो. दुकानाला चार दिवस कुलूप राहील, विद्यार्थ्यांना सांगून टाकलंय. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर समजू शकतो. पायरीवर बसून राहीन, तुझ्या सवडीनं दार उघड.

एक गोष्ट राहिली. डावीकडच्या पानांवर एकच मागणी सगळ्यात जास्त वेळा आहे, अगदी पहिल्या पानापासून, म्हणजे मी नुकता दुकानात बसू लागलो असेन तेव्हापासूनची. ‘वेळ मिळू दे.’ त्याच्या अलीकडचं नाव माझ्याच हातानं गेलंय. ते खाली लिहितो.

धाकटा